कमान, नांगर आणि मक्याचे दाणे

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी लिहून काढलेले)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख करून देताना 'पुण्याच्या मोठ्या कंपनीत मोठ्या पदावर' असं म्हटलं. पद बरं आहे, पण काम काय करते ते सांगितलं तर तुम्ही हसाल. माझा निम्मा दिवस मीटिंगमध्ये जातो. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा वाटलं होतं, आयुष्यभर प्रोग्राम लिहायचे. ते आता माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मुलं लिहितात. माझ्या वाट्याला आलंय ते दहा-पंधरा माणसांना एका खोलीत बसवायचं आणि पुढच्या सहा महिन्यांत काय करायचं, काय सोडून द्यायचं, हे त्यांच्याकडून ठरवून घ्यायचं. समितीने 'तुला जे येतं त्यावर बोल' असं सांगितलं, म्हणून मी मीटिंगवरच बोलणार आहे. विषय रुक्ष वाटेल, पण आपल्या शाळेसाठी जमलेल्या पैशांचा प्रश्न त्यात अडकलाय, तेव्हा जेवणाची घंटा होईपर्यंत ऐका.

आपली पहिली बैठक गेल्या दिवाळीत झाली, याच इमारतीत, आठवी 'ब'च्या वर्गात. चाळीसेक जण होतो. बसताना आपण अगदी १९९५ सारखे बसलो. मुली डावीकडे, आणि डोंगराकडच्या गावांतून येणारे मागच्या बाकांवर. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. आपण दहावी झालो तेव्हा दाखल्यावर 'जि. धुळे' लिहिलेलं होतं, नंदुरबार जिल्हा व्हायला १ जुलै १९९८ उजाडावं लागलं. जिल्हा बदलला, पण बाकांवरच्या जागा बदलल्या नाहीत.

त्या दोन तासांत कोण किती बोलतं हे मी सवयीने वहीत टिपत होते. पाच जण बोलले. पाचही पुरुष, पाचही पुढच्या दोन बाकांवरचे. यात त्यांचा दोष नाही. निरोप त्यांनीच पाठवले होते, चहाही त्यांच्याच घरून आला होता. ठरलं असं की शाळेला कमान बांधायची, तिच्यावर ग्रॅनाइटची पाटी लावायची आणि देणगीदारांची नावं कोरायची. अंदाजपत्रकही तयार होतं. शेवटी 'कोणाला काही म्हणायचंय का?' असं विचारलं गेलं. कोणाला काही म्हणायचं नव्हतं. मलाही नव्हतं. पुण्यात मी याच गोष्टीचा पगार घेते, आणि इथे पदर सावरून गप्प बसले.

आता आमच्याकडे काय करतात ते थोडक्यात सांगते. आमच्याकडे बैठकीत भिंतीवर एक मोठा कागद असतो. तो कोरा नसतो, त्यावर आधीच चित्र किंवा चौकटी आखलेल्या असतात. माणसं छोट्या चिठ्ठ्यांवर आपापलं म्हणणं लिहितात आणि योग्य त्या जागी चिकटवतात. यातला सगळ्यात प्रसिद्ध कागद स्वित्झर्लंडच्या अलेक्झांडर ऑस्टरवाल्डर यांचा. धंद्याचा अख्खा आराखडा त्यांनी नऊ चौकटींत बसवला: गिऱ्हाईक कोण, आपण त्याला काय देतो, पैसा कुठून येतो, जातो कुठे. २०१० साली त्यांचं पुस्तक आलं आणि जगभरच्या कंपन्यांच्या भिंतींवर त्या नऊ चौकटी दिसायला लागल्या. चिठ्ठ्यांची पद्धत त्याहून जुनी. जपानचे मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता नेपाळच्या डोंगरांत फिरून टिपणं जमवायचे. त्या ढिगातून अर्थ कसा काढायचा म्हणून ते एकेक टिपण वेगळ्या कार्डावर लिहून, जमिनीवर पसरून, एकमेकांजवळची वाटणारी कार्डं एकत्र करायचे. आज आमच्याकडे रंगीत चिठ्ठ्यांचे गठ्ठे करतात ते मूळ त्यांचं.

हे चालतं, आणि त्याची कारणं साधी आहेत. तोंडाने बोलायचं तर एका वेळी एकच माणूस बोलतो, आणि तो बहुधा ज्याला बोलायची सवय आहे तोच असतो. लिहायचं तर पंधरा जण एकदम लिहितात. दुसरं, कागदावर आलेलं म्हणणं माणसापासून सुटं होतं. 'तू चुकतोयस' असं म्हणावं लागत नाही, 'ही चिठ्ठी त्या चौकटीत हवी' एवढं म्हटलं की भागतं. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की रिकामी राहिलेली चौकट सगळ्यांना दिसते. बोलण्यात काय राहून गेलं ते कोणाच्या लक्षात येत नाही. कागदावरची रिकामी जागा मात्र डोळ्यांत खुपते.

तर यंदाच्या मे महिन्यात दुसरी बैठक ठरली तेव्हा मी मोठ्या उत्साहात पुण्याहून सहा फुटी फ्लेक्स छापून आणला. आमच्याकडचं आवडतं चित्र, होडीचं. होडी म्हणजे आपण. शिडात भरलेला वारा म्हणजे आपल्याला पुढे नेणाऱ्या गोष्टी. समोर बेट, म्हणजे आपलं ध्येय. पाण्यात खडक, म्हणजे धोके. आणि होडीला बांधलेला नांगर, म्हणजे आपल्याला मागे खेचणाऱ्या गोष्टी. ठसठशीत मराठीत लिहून घेतलं होतं: 'आपला नांगर कोणता?'

आपला एक वर्गमित्र, आता पपई आणि केळी लावतो, बराच वेळ त्या चित्रासमोर उभा राहिला. मग म्हणाला, "ताई, नांगर मागं कसा खेचंल? नांगरानंच तर शेत पुढं जातं."

सगळे हसले. मीही हसले, पण माझा कागद तिथेच बुडाला होता. तापीच्या काठावर वाढून, प्रकाशाच्या घाटावर लहानपणी होड्या बघूनही मला सुचलं नव्हतं की शेतकऱ्याच्या कानाला नांगर म्हणजे एकच. पुढे आणखी वाईट झालं. मी चिठ्ठ्या आणि पेनं वाटली. ज्यांचं अक्षर चांगलं त्यांनी भराभर लिहिलं. डावीकडे बसलेल्या माझ्या मैत्रिणींपैकी तिघींनी पेनं हातात फिरवून मला परत दिली. त्यातल्या एकीने, जिला नववीत शाळा सोडावी लागली होती, चिठ्ठी उलटसुलट करून हळूच विचारलं, "आठे काय लिखू?" मी म्हटलं, काहीही लिही. 'काहीही' हा शब्द मदतीचा वाटतो, पण ज्याला लिहायची भीती वाटते त्याला तो अजिबात मदत करत नाही. संध्याकाळी चिठ्ठ्या मोजल्या. बेटावर पुन्हा कमानच होती. दिवाळीत पाच जणांनी जे तोंडाने ठरवलं होतं, तेच मी सहा फुटी कागदावर रंगीत करून आणलं होतं.

फ्लेक्स गुंडाळताना माझी बाकावरची मैत्रीण मदतीला आली. ती गावात बचत गटांचं काम बघते. ती म्हणाली, "हे आमच्याकडं जमिनीवर करतात. तू भिंतीवर का लावलंस?"

तिने मला तिथेच पायरीवर बसून जे सांगितलं ते मी नंतर घरी जाऊन वाचून काढलं. मला जे शिकायला पुण्या-मुंबईच्या प्रशिक्षणांत जावं लागलं, ते आपल्या शेजारी तीस-पस्तीस वर्षांपासून चाललंय. १९८० च्या दशकाच्या अखेरीस गुजरातेत आगाखान ग्रामीण साहाय्य कार्यक्रम आणि कर्नाटकात मायराडा या संस्थांनी गावकऱ्यांनाच गावाचा नकाशा काढायला सांगायला सुरुवात केली. शहाद्याहून तळोदा, अक्कलकुवा करत अंकलेश्वरकडे जाताना नेत्रंग लागतं ना, ते त्या गुजरातच्या संस्थेचं कामाचं क्षेत्र. रॉबर्ट चेंबर्स नावाच्या इंग्रज अभ्यासकाने या सगळ्याबद्दल पुष्कळ लिहिलं. त्यांचा आग्रह एकच, की बाहेरून आलेल्या माणसाने काठी, खडू, जे काही रेघ ओढायचं साधन असेल ते गावकऱ्याच्या हातात द्यावं आणि आपण बाजूला व्हावं. रांगोळी, राख, पानं, बिया, दगड, जे मिळेल त्याने काढायचं. लिहिता येण्याची अट नाही. संस्था दाखवायला कागदाचे लहानमोठे गोल कापतात: महत्त्वाची संस्था मोठा गोल, जवळची असेल तर गावाला चिकटून, नुसतीच नावाला असेल तर लांब. त्या चित्राला इंग्रजी पुस्तकांतसुद्धा 'चपाती' म्हणतात. आपल्याकडे भाकरी म्हणायला हरकत नाही.

माझ्या मैत्रिणीला हे माहीत होतं, कारण चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीला यायला लागल्यावर महाराष्ट्रात 'आमचं गाव, आमचा विकास' सुरू झालं. प्रत्येक ग्रामपंचायतीने आपला आराखडा आपण करायचा. त्यासाठी शिवारफेरी, गावनकाशा, महिलांची वेगळी सभा. तिने या कामात कितीतरी दुपारी रांगोळी ओतली आहे.

आणि मागच्या बाकावरचा आपला एक मित्र, डोंगराकडचा, त्याला नकाशाचं त्याहून जास्त माहीत होतं. तो गावाच्या वनहक्क समितीत होता. २००६ च्या वनहक्क कायद्याचे नियम २००८ पासून लागू झाले. त्यांत असं आहे की समितीने प्रत्येक दाव्याच्या जागेचा, ओळखता येतील अशा खुणांसह नकाशा तयार करायचा. म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं लिहून घेतलं तर तोही पुरावा धरतात. म्हणजे हा नाला, तो महू, ही टेकडी, असं सांगत म्हातारे पुढे चालायचे आणि हा मागून काढत जायचा. आपल्या बॅचमध्ये 'नकाशा काढून बैठक कशी चालवायची' याचा सगळ्यात मोठा जाणकार पुण्यात नव्हताच. तो दोन्ही बैठकांना हजर होता आणि दोन्ही वेळा गप्प होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

गणपतीनंतर आपण तिसऱ्यांदा जमलो ते बाहेर, कडुलिंबाखाली. या वेळी मी काही छापून आणलं नाही. मैत्रीण आणि तो मित्र पुढे, मी मागे. सध्याच्या नववी-दहावीतली मुलंमुली होती आणि मुख्याध्यापकांनी निरोप पाठवल्यामुळे बारा-तेरा आयाही आल्या होत्या. खेळाच्या मैदानाची फक्की होती, तिने आधी शाळा आणि आजूबाजूची गावं काढली. मुलांनी आपापल्या घरापासून शाळेपर्यंत पाय ओढत रेघ ओढली. कुठे नाला आडवा येतो, कुठे एसटी थांबते, कुठे थांबत नाही. नकाशा छान झाला, पण त्यातून फारसं नवं कळलं नाही. तो मी इथे सोडून देते.

खरं काम झालं ते बारा महिन्यांच्या तक्त्यात. मैत्रिणीने बारा चौकोन आखले. मी जानेवारीपासून नावं सांगायला लागले, तर एक आई पावरीत काहीतरी म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मैत्रिणीने सांगितलं, ती म्हणतेय वर्ष पेरणीपासून सुरू होतं, ही बाई थंडीच्या मधूनच कुठून सुरू करतेय? तेव्हा जूनपासून मांडलं. शाळाही जूनलाच सुरू होते, हे माझ्या लक्षात नव्हतं. खाली ओळी होत्या: शेतातलं काम, घरातलं धान्य, हातातला पैसा, बाहेरगावी जाणं, आणि शेवटी शाळेतली हजेरी. प्रत्येक चौकोनात शून्य ते दहा मक्याचे दाणे ठेवायचे. जास्त असेल तर जास्त दाणे. वरच्या चार ओळी आयांनी भरल्या, हजेरीची ओळ मुलांनी.

अर्धा तास वाद चालला. 'ऑगस्टात धान्य एवढं कुठं असतं?' म्हणून एकीने दुसरीचे दाणे उचलून बाजूला ठेवले. कोणी कोणाचं नाव घेतलं नाही, आवाजही चढला नाही, सगळ्या दाण्यांशी भांडत होत्या. कागद भिंतीवर असता तर लिहून झालेलं कोणी पुसलं नसतं. जमिनीवरचा दाणा कोणीही उचलू शकतं.

मग सगळे उभे राहून बघायला लागलो. दिवाळीनंतरच्या चौकोनांत 'बाहेरगावी जाणं' दाण्यांनी भरून गेलं होतं. सुरत-बारडोलीकडची ऊसतोड. होळीला माणसं परत येतात, काही पुन्हा जातात. आणि त्याच चौकोनांच्या खाली हजेरीच्या ओळीत तीन दाणे, दोन दाणे. नववीतल्या एका मुलीने डिसेंबरच्या घरात आधी चार ठेवले, थोडं थांबली आणि एक परत घेतला. तिला कोणीतरी विचारलं, का गं? ती म्हणाली, "मी पण नसते."

यात गुपित काही नव्हतं. हजेरीपट शाळेच्या कपाटात होते. कोण कधी ट्रकमध्ये बसून जातं हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त दोन्ही ओळी एकाखाली एक कधी आल्या नव्हत्या. आपण माजी विद्यार्थी दर जूनला दप्तरं आणि वह्या वाटतो, फोटो काढतो. जूनमध्ये सगळी मुलं वर्गात असतात. गरज नोव्हेंबर ते मार्चला असते आणि तेव्हा आपण कोणीच इथे नसतो. लहान मुलांसाठी शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. पण शिक्षणहक्काचा कायदा ६ ते १४ वयाचा. नववी-दहावीचं पोरगं त्यातून अलगद बाहेर पडतं, आणि नेमकं त्याच वयाला कोयता उचलता येतो.

माझ्याबद्दलही एक सांगते. त्या दिवशी माझ्या मनात मुलींचं स्वच्छतागृह होतं. मला खात्री होती की मुलींची गळती त्याच्यामुळे. माझ्याकडे चौकटी आखायचं काम असतं तर मी त्याची एक वेगळी चौकट आखलीच असती. मुलींना विचारलं तर त्या म्हणाल्या, "ते तर दोन वर्षांपूर्वीच झालं, मॅडम. पाणीही असतं." ज्याच्या हातात फक्की, त्याच्या मनातलं आधी जमिनीवर उतरतं, तो पुण्याहून आलेला असो की पुढच्या बाकावरचा.

हे सगळं ऐकून कोणाला वाटेल की चौकटी आखल्या की प्रश्न सुटतात. तसं नाही. माझ्या मैत्रिणीने एका गावातलं सांगितलं. दिवसभर बसून बायकांनी सुंदर नकाशा काढला, पाण्याच्या दोन जागा ठरवल्या, फोटो निघाले. आणि आराखडा लिहिला गेला तो मागच्या वर्षीचाच, तारखा बदलून. नकाशा संध्याकाळी शेळ्यांनी तुडवला. आमच्या कंपन्यांतही वेगळं काही होत नाही. भिंतीवरचा कागद सोहळ्यासारखा गुंडाळून कपाटात जातो आणि निर्णय साहेबांच्या केबिनमध्ये आधीच झालेला असतो. माणसांना बोलतं करून नंतर त्यांचं न ऐकणं हे न विचारण्यापेक्षा वाईट. पुढच्या वेळी त्या येतच नाहीत. म्हणून त्या दिवशी दाणे उचलायच्या आधी दहावीच्या दोन मुलांनी तो तक्ता जसाच्या तसा मोठ्या कागदावर उतरवला. तो तिकडे, ध्वजस्तंभामागच्या भिंतीवर लावलाय. त्यात एक चौकोन खाडाखोड केलेला आहे, तो मुद्दाम तसाच ठेवलाय.

कमानीवाल्या मित्रांबद्दल दोन शब्द. ते इथे पहिल्या रांगेत बसलेत आणि माझ्याकडे बघून हसतायत. त्या दिवशी तक्ता बघून ते गप्प झाले, पण मत बदललं असं काही झालं नाही. त्यांचं म्हणणं अजून तेच आहे, की कमान झाली तर माणसं शाळेशी जोडलेली राहतील, नाव कोरलेलं असलं की पुढच्या वर्षीही देणगी येईल, आणि पाच महिने परक्याची पोरं सांभाळणं ही पैशाची नाही, जबाबदारीची गोष्ट आहे, एकदा सुरू केलं तर मध्येच सोडता येणार नाही. मला यातलं शेवटचं म्हणणं अगदी पटतं. रात्री एखाद्या मुलीला ताप आला तर पुण्यात बसून मी काय करणार आहे? हा प्रश्न टाळ्या वाजवून सुटत नाही.

म्हणून आज जेवणानंतर, ठीक तीन वाजता, कडुलिंबाखाली. फक्कीने पाच चौकोन आखलेत. मुलं झोपणार कुठे, स्वयंपाक कोण करणार, रात्री सोबत कोण राहणार, दर महिन्याचा खर्च कोण आणि किती वर्षं देणार, आणि आजारपण-अपघात झाला तर जबाबदार कोण. प्रत्येक चौकोनात ज्याला जे देता येईल ते त्याने स्वतः जाऊन ठेवायचं. कोणी तांदळाचं नाव सांगेल, कोणी आपली रिकामी खोली, कोणी महिन्यातून दोन रात्री. लिहिता येत नसेल तर मुलं लिहून देतील. सहावा चौकोन कमानीचा, तोही आखलाय. पहिल्या पाचांतला एकही रिकामा राहिला तर हे यंदा होणार नाही आणि पैसे कमानीला जातील, असं समितीत ठरलंय. मी तेव्हा विरोध केला होता, आता करत नाही.

सगळं भरलं तर मग प्रत्येकाला पाच-पाच दाणे मिळतील, पाचशे रुपये देणाऱ्यालाही आणि पन्नास हजार देणाऱ्यालाही. आलेल्या आयांनाही पाच, नववी-दहावीच्या मुलांनाही पाच. ते कुठे ठेवायचे ते ज्याचं त्याने बघावं.

दाण्यांची टोपली माझ्या मैत्रिणीकडे आहे. येताना चपला कडेला काढा, नाहीतर फक्कीची रेघ पुसली जाते.